नीटला अजून एक वर्ष द्यायचं का?



नीटचा निकाल लागला की आपल्या कितीतरी घरांत हा एकच विषय असतो. २०२२ पासून या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही, आणि किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. म्हणजे कुठे थांबायचं हे आता घरालाच ठरवावं लागतं.

मुलगी म्हणते, "पुन्हा बसते." ती स्वतःच्या ओढीने बोलते, की बाबांचा उतरलेला चेहरा बघून? आणि आपण तिला कोट्याला किंवा लातूरला पाठवतो ते तिच्यासाठी, की मावशीच्या मुलाला सीट मिळाली म्हणून? क्लासची फी आपण भरतो हे खरं. पण साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षाची इंटर्नशिप, त्यातल्या रात्रपाळ्या, हे सगळं तिलाच निभवायचंय. मग शेवटचा शब्द तिचा नको का?

जिला मनापासून डॉक्टर व्हायचंय तिने खुशाल वर्ष घ्यावं. तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे, चुकलं की एक गुण वजा. त्याला सराव लागतोच, त्यात कमीपणा कसला! पण केवळ आपला शब्द मोडवत नाही म्हणून ती पुन्हा बसणार असेल, तर तिला त्यातून मोकळं करणं आपलंच काम.

फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून तिला विचारूया. आणि ती "मला बीएस्सीला जायचंय" म्हणाली, तर त्या रात्री जेवताना तिच्याशी नेहमीसारखंच बोलूया. हे जड जातं, आम्हालाही.