वतनाचे नाव आणि वशाचे नाव

नावांच्या लोकप्रियतेविषयी हल्ली जे लिहिले जाते त्यात चित्रपट, खेळाडू आणि कानास गोड लागणारा ध्वनी यांपलीकडे सहसा कोणी जात नाही; आणि गोव्यातील ‘झेवियर’ या नावाचा विषय निघाला की तो ‘पाद्र्यांनी लादलेले फिरंगी आडनाव’ एवढ्या शेऱ्यानिशी निकालात काढला जातो. ध्वनीच्या उपपत्तीत फारसे तथ्य नाही; परंतु या दुसऱ्या मताचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

झेवियर हे मुळात नवारा राज्यातील एका गढीचे नाव. तेथे १५०६ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस्कोच्या पित्याचे कुलनाम हासो होते. गढी आली ती मातेच्या, मारिया दे आस्पिलकुएता हिच्या, माहेरकडून. आपल्या गावावरून पडलेल्या ‘कर’-अंत आडनावांच्याच जातीचे हे नाव. पुढे कास्तीलने नवारा जिंकले, १५१६ मध्ये गढीची तटबंदी पाडण्याचा हुकूम सुटला, वतनाचा मान गेला. आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला त्या घराण्याचा पुत्र दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निधन पावून १६२२ मध्ये संतपदास पोचला, तेव्हा कोठे ते नाव परक्यांच्या मुलांना मिळू लागले.

लादल्याच्या आरोपात सत्यांश नाही असे मी म्हणत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे आडनाव नवख्रिस्त्यास चिकटे, आणि स्वतः झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले, ही गोष्ट त्याच्या भक्तांनीही दडवू नये. परंतु पहिल्या पिढीवर लादलेले नाव पुढील पिढ्यांनी आपण होऊन मुलांना पुनःपुन्हा का ठेवावे? १९६१ मध्ये पोर्तुगीज अंमल संपला, तरी ते का संपू नये? ज्यावर पोर्तुगालची सत्ता कधीच नव्हती त्या फ्रान्समध्ये ‘फ्रांस्वा-झाव्ये’ का रूढ व्हावे, आणि तामिळ ख्रिस्त्यांनी त्याचा ‘सवरिमुत्तू’ असा आपल्या जिभेचा घाट का घडवावा? सत्ता राजाची नसेल तर चर्चची होती, असे कोणी म्हणेल. पण चर्चपाशी संतांची नावे थोडी नव्हती, मग हेच एवढे का रुजावे? ज्या चांदीच्या पेटीत त्याचा देह जुन्या गोव्यात आहे ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. डिसेंबरातील फेस्ताला तेथवर पायी येणारे लोक ज्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, त्याचे नाव नातवाला ठेवताना त्यांना कोणत्या हुकमाची गरज पडावी?

माझ्या मते येथे भेद वतन आणि वसा यांचा आहे. वतनाचे नाव रक्ताने उतरते. सनद असो वा नसो, त्यावर मुलाचा हक्क जन्मतःच लागतो, आणि परक्याने ते लावल्यास ती तोतयेगिरी ठरते. वशाचे नाव याच्या अगदी उलट: त्यास कूळ लागत नाही, कोणीतरी ते बुद्ध्या घ्यावे लागते, आणि न घेतल्यास ते त्या घरापुरते तेथेच खुंटते. आडनावाचे पहिले नाव होणे म्हणजे, तत्त्वतः, वतनाचा वसा होणे. म्हणून गोव्यातील एकाच माणसाच्या नावात धर्मपित्याकडून आलेले आडनाव आणि आईबापांनी ठेवलेले ‘झेवियर’ शेजारी उभे असले, तरी दोन्हींना एकाच आरोपपत्रात गोवणे मला अन्यायाचे वाटते: पहिल्याविषयी त्याच्या पूर्वजांस कोणी विचारले नव्हते, दुसरे मात्र त्याच्या घरच्यांनी निवडले आहे.