शहर निवडताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसला आणि तीन महिने हलला नाही. आम्ही दोघे नवराबायको सोलापूरचे. दोघेही बी.एड., दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. शाळा विनाअनुदानित. अनुदान येणार, येणार म्हणता म्हणता पस्तिशी आली. आमच्या पगाराची तारीख कोणती, हे आमच्या किराणा दुकानदारालाही ठाऊक नाही. तोही बिचारा आता विचारत नाही. अशा वेळी कर्नाटकातल्या एका संस्थेने आम्हा दोघांना नोकरी देऊ केली. संस्थेच्या शाळा तीन ठिकाणी आहेत. कलबुर्गी, म्हणजे आपले जुने गुलबर्गा, विजयपूर, म्हणजे विजापूर, आणि बंगळूर. ‘तुम्हाला कोणते शहर सोयीचे ते तुम्हीच कळवा,’ असे त्यांनी लिहिले.

आजवर आम्हाला कोणी निवड करायला सांगितलेच नव्हते. जन्म, मोहल्ला, शाळा, नोकरी सगळे आपोआप वाट्याला आले. आता एकदम तीन शहरे समोर ठेवली गेली आणि आम्ही गांगरलो.

शिक्षकी सवयीने आम्ही वही काढली आणि तीन रकाने आखले. पगार, घरभाडे, मुलीची शाळा, मशीद, दवाखाना, सोलापूरला यायचे भाडे. बंगळुरात पगार जास्त, पण निम्मा घरभाड्यात जाणार. कलबुर्गी आणि बंगळूर ही दोन्ही शहरे उद्यान एक्सप्रेसच्या वाटेवर. पण कलबुर्गी दोन तासांवर आणि बंगळूर रात्रभराच्या पलीकडे. विजापूरला होटगीवरून गाडी फुटते. वही भरली, पण निर्णय होईना. कारण त्या वहीतला प्रत्येक प्रश्न एकाच जातीचा होता : हे शहर आम्हाला काय देईल? आम्ही त्या शहराचे कोण होणार, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नव्हता.

नातेवाइकांचा सल्ला मात्र एकमुखी होता. ‘आपले लोक जिथे जास्त, तिथे जा.’ या सल्ल्याला हसू नये. त्यामागे अनुभव असतो. आम्हीही तो घेतला. त्या तीनपैकी एका शहरात घर बघण्यासाठी एका एजंटला फोन केला. भाडे ठरले, अनामत ठरली, मग त्याने नाव विचारले. नाव ऐकल्यावर ते घर कालच गेल्याचे त्याला आठवले. दुसऱ्या दिवशी आमच्या एका सहकाऱ्याने, ज्याचे नाव वेगळे आहे, त्याच घरासाठी फोन केला. घर रिकामे होते. असे झाल्यावर माणूस ‘आपल्या लोकां’कडे वळला तर दोष कोणाला द्यावा?

तरीही प्रश्न उरतोच. आपले लोक म्हणजे कोण? या प्रश्नाचे उत्तर दख्खनच्या इतिहासाने फार पूर्वी दिले आहे, आणि ते सोयीचे नाही. १३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य उभे राहिले. राज्य नवे, म्हणून राजधानीही नवी हवी होती. अलाउद्दीन हसन बहमन शाहने गुलबर्गा निवडले. पुढे १४२० च्या दशकात अहमद शाहने राजधानी बिदरला हलवली. त्या बिदरला १४५३ च्या सुमारास इराणातल्या गीलानचा एक व्यापारी आला. त्याचे नाव महमूद गवान. तो वजीर झाला आणि त्याने बांधलेला मदरसा १४७२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे अवशेष आजही बिदरला उभे आहेत. पण दरबारात दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथे रुजलेले. दुसरे आफाकी, म्हणजे बाहेरून आलेले. दोन्ही मुसलमानच. तरी एकमेकांना परके. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे या परदेशी वजिराचा शिरच्छेद करण्यात आला. सुलतानाला सत्य कळले तेव्हा उशीर झाला होता.

ही गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा शिकवली, पण तिचा अर्थ आता लागला. एक मजहब असला म्हणजे परकेपणा संपतो, असे नाही. ज्या शहरात आपले लोक लाखभर आहेत, तिथेही आपण आफाकी ठरू शकतो. आणि ज्या गल्लीत आपले एकही घर नाही, तिथेही कोणी तरी ‘या’ म्हणणारे भेटू शकते.

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला जड जाते. सोलापुरात आमच्या घरावर एक खोली आहे. काही वर्षांपूर्वी जरीकाम करणारे एक कुटुंब ती भाड्याने मागायला आले. बिहारचे होते. आमच्यासारखेच कलमा वाचणारे. नवरा, बायको, दोन मुले. अम्मी म्हणाल्या, ‘परदेसी लोगां हैं, कल भाग गये तो?’ आम्ही दोघे शिकलेले. आम्ही तसे म्हटले नाही. आम्ही ओळखीच्या माणसाची हमी मागितली. सोलापुरात त्यांच्या ओळखीचे कोण असणार? ते गेले. महिनाभराने खोली मामांच्या ओळखीतल्या मुलाला दिली. कोणताही रकाना न आखता, आपल्या माणसाला.

त्या एजंटने आमचे नाव ऐकून फोन ठेवला तेव्हा आम्हाला आधी राग आला. मग रात्री ती बाई आठवली, जी जिन्याखाली मुलाला कडेवर घेऊन उभी होती. एजंटचा अन्याय त्यामुळे लहान होत नाही. तो अन्यायच आहे. धर्मावरून दार बंद करणे आणि परका म्हणून दार बंद करणे या दोन गोष्टी सारख्या आहेत, असेही आम्ही म्हणत नाही. एकीच्या मागे साऱ्या समाजाचे बळ असते, दुसरीच्या मागे एका घराची भीती. पण दारापुढे उभ्या असलेल्या माणसाला दार बंदच दिसते. जो दुसऱ्या शहराकडे जागा मागायला निघाला आहे, त्याने आपण आपल्या शहरात कोणाला जागा दिली, हे आधी मोजले पाहिजे.

आणि आपले सोलापूर तरी कोणाचे? तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांनी माग चालवले, चादरीला नाव मिळवून दिले. त्यांच्या बायकांनी विड्या वळल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि आमची दखनी अशा चार भाषा एका बाजारात ऐकू येतात. यांतले कितीतरी लोक कधी काळी आमच्यासारखाच हिशोब करून आले असतील. कितीतरी तर हिशोब न करता, पोटामागे आले.

निवड करता येणे हीसुद्धा चैन आहे, हे आपण विसरतो. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेला आणले तेव्हा कोणाला वहीत रकाने आखायला सांगितले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद मुंबई राज्यात आले, गुलबर्गा म्हैसूरला गेले, हैदराबाद आंध्राकडे राहिले. माणसे आपल्या घरातच झोपली आणि नव्या राज्यात जागी झाली. बायकांचे तर विचारूच नका. प्रत्येक लग्नात त्या गाव बदलतात आणि तीन शहरांतून एक निवडा, असे त्यांना कोणी पत्र पाठवत नाही. अहमदनगरची चांदबीबी लग्न होऊन विजापूरला गेली. तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला, असे इतिहास सांगतो. म्हणजे आमचे शहरही तिच्यासोबत सासरी गेले! पुढे १५९५-९६ मध्ये तिनेच माहेरचे अहमदनगर मोगलांपासून लढवले. ती विजापूरची की नगरची? ज्या शहराला गरज होती, त्याच्या तटावर ती उभी राहिली. शहराशी नाते जन्माने किंवा कागदाने जुळते, त्याहून जास्त ते अशा उभे राहण्याने जुळते, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे हिजरत हा शब्द फार सैल वापरला जातो. दुबईला नोकरी लागली तरी हिजरत, पुण्याला फ्लॅट घेतला तरी हिजरत. सहीह बुखारीतली पहिलीच हदीस नियतीबद्दल आहे आणि तिच्यात उदाहरण हिजरतीचे आहे. ज्याने दुनियेसाठी वतन सोडले त्याला तेवढेच मिळेल, असा तिचा आशय. म्हणून आम्ही आमच्या जाण्याला हिजरत म्हणत नाही. आम्ही पगारासाठी जात आहोत. पगारासाठी जाण्यात पाप नाही, पण त्याला मोठे नाव देण्यात थोडा खोटेपणा आहे.

हिजरतीकडून शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. मुसलमानांचा पहिला जथा हबशाला गेला तो इसवी सन ६१५ च्या सुमारास. तिथला राजा ख्रिस्ती होता. ‘आपले लोक’ तिथे एकही नव्हते. न्यायी राजा आहे, एवढी एकच खूण पाहून ते शहर निवडले गेले. पुढे ६२२ मध्ये मदीनेत अन्सारांनी एकेका मुहाजिराला भाऊ मानून घरात वाटा दिला. आपण या प्रसंगात नेहमी स्वतःला मुहाजिर समजतो. अन्सार होण्याची पाळी आली की आपण हमी मागतो.

आणखी एक काटा होता. घटनेच्या कलम ३७१ (जे) नुसार २०१३ पासून कलबुर्गीसह त्या मागास भागातल्या स्थानिकांना सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणात राखीव जागा आहेत. आमची नोकरी खासगी, तिला हा नियम लागत नाही. पण नियम का करावा लागला, हे मराठवाड्याच्या शेजारी राहणाऱ्याला समजते. तिथेही बी.एड. होऊन घरी बसलेली मुले-मुली असतीलच. आम्ही त्यांच्यापैकी कोणाची जागा घेतो आहोत का? संस्थेला आम्ही तसे विचारले. जाहिरात दोनदा दिली, उर्दूतून गणित-विज्ञान शिकवणारे मिळाले नाहीत, असे उत्तर आले. ते आम्ही खरे मानले. आमच्या मनाजोगे उत्तर होते म्हणून लवकर मानले का, हे आम्हालाही सांगता येणार नाही.

इकडची बाजूही सोपी नव्हती. आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘गणिताचे सर गेले. आता तुम्ही दोघे पण?’ तिला काय सांगणार? बिनपगारी शिक्षकाने त्यागाच्या नावावर राहावे, हे म्हणणारे लोक स्वतः पगार घेतात. उपाशी शिक्षक वर्गात उभा असतो, पण मन हातउसन्या पैशांत असते. हे सगळे खरे. तरी त्या मुलीला हा युक्तिवाद ऐकवण्याची हिंमत झाली नाही. आम्ही एवढेच केले की वर्ष पूर्ण केल्याशिवाय हलणार नाही असे नव्या संस्थेला कळवले, आणि दहावीच्या मुलांसाठी सुटीत महिनाभर परत यायचे ठरवले. यातून देणे फिटत नाही. पण आपण देणेकरी आहोत, हे ध्यानात राहते.

शेवटी आम्ही कलबुर्गी निवडले. कारणे मोठी नाहीत. अम्मींचे गुडघे दुखतात आणि दोन तासांत घरी पोचता येते. हजरत ख्वाजा बंदेनवाज ऐंशीच्या घरात असताना, १३९८ मध्ये तैमूरच्या स्वारीच्या वेळी दिल्ली सोडून निघाले. वाटेत खुलदाबादेला वडिलांच्या कबरीवर आले आणि शेवटी गुलबर्ग्यात स्थिरावले. १४२२ मध्ये तिथेच वारले. ऐंशीव्या वर्षी माणूस नव्या शहराचा होऊ शकतो, तर पस्तिशीत आम्हाला घाबरायचे काय? त्यांच्या दर्ग्यावर आजही सर्व धर्मांचे लोक येतात, आणि त्याच शहरात शरणबसवेश्वरांचे मंदिर आहे. तिथेही सारा गाव लोटतो.

मुलगी मात्र रुसली होती. ‘तिकडे मला मराठी कोण शिकवणार?’ उर्दू शाळेतल्या मुलीच्या तोंडून हा प्रश्न ऐकून बरे वाटले. मराठी घरी आम्ही शिकवू, असे सांगितले. तिकडे तिला कन्नड शिकावी लागेल, आणि तिच्याआधी आम्हाला. इतकी वर्षे आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना सांगत आलो की, ज्या मातीत राहता तिची भाषा नीट शिका. आता आमची परीक्षा आहे. शेजारच्या कन्नड बाईंकडे आम्ही तिघेही रोज संध्याकाळी अर्धा तास बसतो. पहिला शब्द त्यांनी शिकवला ‘बर्री’, म्हणजे ‘या’. पाहुणा दारात आला की तिकडे असे म्हणतात.

वरची खोली पुन्हा रिकामी झाली आहे. अम्मी खाली एकट्या राहणार, वर कोणी असलेले बरे. परवा नांदेडकडचे एक जोडपे विचारून गेले. त्यांची सोलापुरात ओळख नाही. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम लोगां भी तो कल किसी के दरवाजे पे जाके खडे रहनेवाले हैं. दे देव.’ आम्ही हमी मागितली नाही. किल्ली दिली.