आज्ञा न करणारा समुद्रदेव

समुद्रदेवाशी माणसाचं नातं बहुतेक ठिकाणी भीतीतून सुरू होतं. ग्रीकांचा पोसायडन आपल्या मुलाचा डोळा फोडणाऱ्या ओडिसियसला वर्षानुवर्षं घरी पोहोचू देत नाही. रामायणात समुद्र वाट देईना, तेव्हा रामाला धनुष्याला बाण लावावा लागतो. मगच तो हात जोडून समोर येतो. आपल्याकडे श्रावणातल्या पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. त्यात श्रद्धा आहे, कृतज्ञता आहे आणि ‘आता शांत हो, आमची माणसं सुखरूप परत येऊ दे’ ही विनवणीही आहे. ज्याच्यावर पोट अवलंबून आहे आणि जो एका क्षणात सगळं गिळू शकतो, त्याच्याशी माणूस याच भाषेत बोलणार.

मला इथे ज्या समुद्रदेवाविषयी लिहायचं आहे, त्याला कोणी नवस बोलत नाही. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज भाषापंडिताने आपल्या कल्पित जगासाठी तो घडवला आणि त्याचं नाव ठेवलं उल्मो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेल्या किंवा पडद्यावर पाहिलेल्या अनेकांना हे नाव ठाऊक नसतं. उल्मोची कथा त्या कादंबरीच्या हजारो वर्षं आधीची आहे आणि ती येते ‘द सिल्मरिलियन’ या पुराणग्रंथात. टॉल्किन १९७३ मध्ये वारले; हा ग्रंथ त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

ज्याचा एकही भक्त नाही अशा देवाचा विचार का करायचा? कारण त्याच्या कथेत दोन अवघड प्रश्न हाताळले आहेत. एखाद्या व्यवस्थेशी एकनिष्ठ राहून तिच्याशी मतभेद कसा ठेवावा? आणि बलवानाने दुबळ्याला मदत करताना त्याचं स्वातंत्र्य कसं राखावं? धर्मग्रंथांतल्या देवांना हे प्रश्न विचारताना आपण कचरतो, कारण तिथे श्रद्धा दुखावते. कल्पित देवाच्या बाबतीत ती अडचण नाही. तिथे विचार शेवटपर्यंत नेता येतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात टॉल्किन कॉर्नवॉलमधल्या लिझर्ड द्वीपकल्पावर गेले होते. खडकांवर फुटणाऱ्या अटलांटिकचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. त्या वर्षअखेरीस त्यांनी समुद्रावर एक कविता लिहिली आणि १९१७ मध्ये ती नव्याने लिहिताना तिच्यात हा शंखधारी देव अवतरला. या दोन खर्ड्यांच्या मध्ये त्यांचा पहिल्या महायुद्धाचा अनुभव होता. १९१६ मध्ये टॉल्किन सोमच्या रणांगणावर होते. त्यांच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी गेले. खंदकज्वराने आजारी पडून ते नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतले आणि त्या आजारपणातच त्यांनी ‘गोंडोलिनचा पाडाव’ ही कथा लिहायला घेतली. डोंगरांनी वेढलेलं एक सुंदर गुप्त नगर, त्याच्यावर चालून येणारे लोखंडी राक्षस, आणि हे सगळं होणार म्हणून आधीच सावध करणारा समुद्रदेव. तरुणांच्या मृत्यूंनी भरलेल्या त्या काळात टॉल्किनना सुचलेला देव सूड घेणारा नव्हता, विजय मिळवून देणाराही नव्हता. तो इशारा देणारा होता.

टॉल्किनच्या जगाची उत्पत्ती संगीतातून होते. इलूवातार हा एकच परमेश्वर. त्याने निर्माण केलेल्या दिव्यशक्ती त्याच्यासमोर गातात आणि त्या गायनातून विश्वाचा आराखडा उभा राहतो. त्यांतला सर्वांत समर्थ मेल्कोर आपला वेगळाच सूर लावून तो मेळ बिघडवतो. पुढे विश्व प्रत्यक्षात येतं, तेव्हा त्या आदिसंगीताचा प्रतिध्वनी इतर कशाहीपेक्षा पाण्यात जास्त उरलेला असतो. म्हणून समुद्राचा आवाज कितीही ऐकला तरी मन भरत नाही, आणि आपण नेमकं काय ऐकायला थांबलो आहोत हे कळत नाही, अशी टॉल्किनची मांडणी आहे. किनाऱ्यावर बसलेल्या कोणालाही हा अनुभव परका नाही. टॉल्किननी त्या अनुभवाला सृष्टीच्या जन्मापर्यंत नेऊन भिडवलं.

या दिव्यशक्तींपैकी, म्हणजे टॉल्किनच्या देवांपैकी, ज्याचं मन आरंभापासून या पाण्याकडे लागलं तो उल्मो. मेल्कोर त्याच्या पाण्यावर अघोरी थंडी सोडतो, बेलगाम उष्णता सोडतो. तेव्हा इलूवातार उल्मोला दाखवतो की थंडीने पाणी नष्ट झालं नाही, त्याचं नाजूक हिम झालं. उष्णतेने ते संपलं नाही, त्याचे ढग झाले आणि पाऊस झाला. उल्मो थक्क होतो. माझ्या कल्पनेतही पाणी इतकं सुंदर नव्हतं, असं तो कबूल करतो. ही घटना मला त्याच्या स्वभावाची किल्ली वाटते. ज्याच्या क्षेत्रावर पहिला घाव पडला, त्यानेच पहिल्यांदा पाहिलं की वैऱ्याचा घावही शेवटी सृष्टीच्या सौंदर्यात भर घालू शकतो. त्यामुळे पुढे तो निराश होत नाही आणि घाईही करत नाही.

टॉल्किनच्या जगातले बाकीचे देव पश्चिमेला समुद्रापार, उंच पर्वतांच्या आड, वालिनोर नावाच्या सुरक्षित भूमीत राहतात. उल्मोला घर नाही. तो कोणत्याही एका ठिकाणी फार काळ थांबत नाही, देवसभेलाही क्वचितच जातो. महासागरात असतो आणि नद्या, ओढे, झरे यांतून साऱ्या पृथ्वीवर पोहोचतो. मर्त्यलोकात कोण कशासाठी रडतं आहे हे त्याला पाण्यातून कळतं. देवांचा राजा मान्वे याच्यापर्यंत एरवी न पोहोचणारी दुःखं उल्मोमुळे पोहोचतात. पर्वताच्या शिखरावर बसणाऱ्याची नजर दूरवर जाते खरी, पण प्रत्येक गावच्या ओढ्यातून वाहणाऱ्याला जे कळतं ते वेगळं असतं. उल्मोचे पुढचे सगळे मतभेद या जाणिवेतून आलेले आहेत.

समुद्राचं रौद्र रूप टॉल्किननी टाळलेलं नाही. ते त्यांनी उल्मोच्या ओस्से नावाच्या सेवकाकडे दिलं. ओस्सेला वादळाचं वेड आहे. मेल्कोरने त्याला उल्मोची सत्ता देण्याचं आमिष दाखवून फितवलं होतं. पत्नी उइनेनने त्याला आवरून परत आणलं. उल्मोने त्याला क्षमा केली, पण त्याचं वादळाचं वेड काढून घेतलं नाही. खलाशी प्रार्थना करतात ती उइनेनची. म्हणजे दर्यावर्दींच्या धर्मातली भीती आणि विनवणी टॉल्किननी या दोघांच्या वाट्याला दिली आणि उल्मोला त्या हिशेबातून मोकळं केलं. हा विचारपूर्वक केलेला बदल आहे. भीतीचं काम दुसऱ्याकडे गेल्यामुळेच उल्मोच्या चरित्रात विवेकाला जागा झाली.

आता त्याचे मतभेद पाहू. पूर्वेकडच्या एका तलावाकाठी एल्फ ही अमर जमात जन्माला येते. मेल्कोरपासून त्यांचं रक्षण व्हावं म्हणून देव त्यांना वालिनोरला बोलावून घ्यायचं ठरवतात. उल्मोचा विरोध असतो. त्यांना त्यांच्या भूमीवर मोकळं राहू द्यावं, आपल्या अंगच्या कौशल्याने त्यांनी तिथल्या जखमा भरून काढाव्यात, असं त्याचं मत असतं. देवसभेत हा पक्ष हरतो, आणि ग्रंथकार स्पष्ट सांगतात की या निर्णयातूनच पुढे अनेक दुःखं उद्भवली. हरल्यावर उल्मो रुसून बसत नाही. समुद्रातलं एक बेट मुळापासून उपटून तो त्याची नौका करतो आणि एल्फांना स्वतः पश्चिमेला पोहोचवतो. मत नोंदवलं, ते फेटाळलं गेलं, तरी काम पूर्ण ताकदीने केलं.

पुढे त्याच एल्फांतला एक गट बंड करतो, आपल्याच भाऊबंदांचं रक्त सांडतो आणि समुद्रापलीकडच्या आपल्या मूळ भूमीकडे, मध्यभूमीकडे, परततो. देव त्यांना शाप देतात आणि पाठ फिरवतात. उल्मो पाठ फिरवत नाही. सिरिओन नदीकाठी झोपलेल्या तुर्गोन आणि फिनरोड या दोन राजपुत्रांना तो स्वप्न पाठवतो : संकट येणार आहे, गुप्त आश्रय शोधा. त्यातून गोंडोलिन आणि नार्गोथ्रोंड ही दोन राज्यं उभी राहतात. तुर्गोनला तो आणखी एक गोष्ट बजावतो. आपल्या हातच्या कामावर फार जीव लावू नकोस. खरी आशा समुद्राकडून येणार आहे.

सुमारे चार शतकांनी तुओर नावाचा मर्त्य माणूस उल्मोचा निरोप घेऊन गोंडोलिनच्या दारात उभा राहतो. नगर सोडा, सिरिओनच्या काठाने समुद्राकडे जा. एव्हाना तुर्गोनचा आपल्या शुभ्र नगरावर नको तितका जीव जडलेला असतो. तो निरोप नाकारतो. नार्गोथ्रोंडलाही असाच निरोप जातो : नदीवरचा मोठा पूल पाडून टाका, दारं बंद करा. तिथल्या राजावर छाप असलेल्या पराक्रमी तूरिनला ते भ्याडपणाचं वाटतं, पूल तसाच राहतो, आणि त्याच पुलावरून ड्रॅगन आत येतो. दोन्ही राज्यं बुडतात. एवढ्या समर्थ देवाचा सल्ला दोन राज्यं धुडकावतात आणि देव त्यांना तसं करू देतो.

इथे कोणीही विचारेल, मग या देवाचा उपयोग काय? वादळ उठवून त्याने तो पूल का पाडला नाही? तुर्गोनला नगराबाहेर हुसकावून का लावलं नाही? प्रश्न रास्त आहे. प्राण वाचवण्यासाठी बळ वापरणं हे प्रत्येक वेळी चुकीचं असतं, असं मीही मानत नाही. पण टॉल्किनच्या जगात इच्छेविरुद्ध लादणं हा मेल्कोरचा मार्ग आहे. त्याचा तोच मार्ग चांगल्या हेतूने वापरला, तरी चालणाऱ्याचा मेल्कोर होतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये जादूगार गँडाल्फ सत्ता देणारी अंगठी घ्यायला नकार देतो, तोही याच कारणाने. उल्मो स्वप्न देतो, ओढ लावतो, वाट दाखवतो, बुडणाऱ्याला किनाऱ्याला लावतो. निर्णय मात्र ज्याचा त्याने करायचा. सल्ला नाकारण्याची मुभा नसेल, तर तो हुकूमच झाला.

१९५१ च्या सुमारास टॉल्किननी तुओरची कथा नव्याने लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि १९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये छापली गेली. तिच्यात उल्मो वादळातून उठून तुओरसमोर उभा राहतो आणि आपली भूमिका स्वतः सांगतो. आपण इतर देवांच्या इच्छेविरुद्ध जातो असं दिसत असलं, तरी तीच आपली नेमून दिलेली भूमिका आहे आणि ती जग घडण्याआधीच ठरली आहे. नियती कितीही कडेकोट असली तरी तिच्यात कुठेतरी फट असते, असंही तो सांगतो. माझ्या मते संपूर्ण पुराणातला हा सर्वांत धाडसी विचार आहे. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते, एकाच ईश्वराच्या योजनेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तरी त्यांनी त्या योजनेच्या आतच मतभेदाला जागा दिली. मेल्कोरचं बंड योजना मोडू पाहतं. उल्मोचा विरोध योजनेतली दया जिवंत ठेवतो. या दोन गोष्टींतला फरक ज्या समाजाला कळत नाही, तो प्रत्येक वेगळ्या मताला द्रोह ठरवतो.

आणि उल्मो अखेर अपयशी ठरत नाही. गोंडोलिनच्या राखेतून तुओर, त्याची एल्फ पत्नी इद्रिल आणि त्यांचा लहानगा एआरेन्डिल वाचतात. पुढे एआरेन्डिलची पत्नी एल्विंग एका दिव्य रत्नासह समुद्रात उडी घेते, तेव्हा उल्मो तिला वर उचलतो आणि शुभ्र पक्ष्याचं रूप देतो. ती रत्न घेऊन पतीच्या जहाजावर उतरते. ते दोघे पश्चिमेला पोहोचतात आणि एआरेन्डिल देवांपुढे माणसं आणि एल्फ या दोघांसाठी दया मागतो. मर्त्याने या भूमीवर जिवंत पाऊल ठेवावं का, असा आक्षेप देवसभेत निघतो. त्याला उत्तर देणारा उल्मोच असतो : याचसाठी तर तो जन्मला. शतकांपूर्वी ज्या सभेत त्याचं मत फेटाळलं गेलं होतं, तीच सभा आता दयेच्या बाजूने उभी राहते आणि मेल्कोरचा पराभव होतो.

आपल्याकडच्या वरुणाची इथे आठवण होते. ऋग्वेदातला वरुण ऋताचा रक्षक आहे. सातव्या मंडलात वसिष्ठ त्याच्याकडे अपराधाची क्षमा मागतात, त्याच्याबरोबर नौकेतून केलेल्या प्रवासाची आठवण काढतात. पुढे हे नैतिक तेज ओसरलं आणि वरुण जलाचा अधिपती आणि पश्चिमेचा दिक्पाल एवढाच उरला. उल्मोचा प्रवास उलट्या दिशेने झाला. कवितेतल्या शंख वाजवणाऱ्या जलदेवतेपासून तो निघाला आणि चार दशकांत विवेकाचा आवाज झाला. टॉल्किनना लहानपणापासून एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असे, किनारा ओलांडून सगळं बुडवत येणाऱ्या प्रचंड लाटेचं. त्यातून त्यांनी नूमेनोर बेटाच्या प्रलयाची कथा रचली. तो प्रलयही त्यांनी उल्मोच्या कोपाला जोडला नाही. आयुष्यभर लाटेचं भय बाळगलेल्या माणसाने समुद्राच्या देवाला सर्वांत करुणामय केलं, हे मला त्यांच्या लेखनातलं मोठं नैतिक धैर्य वाटतं.

‘द सिल्मरिलियन’ वाचायला घेणारे पुष्कळ जण नावांच्या गर्दीला कंटाळून पुस्तक मिटतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. राजवंश आणि लढाया तूर्त बाजूला ठेवा आणि उल्मो जिथे जिथे येतो तेवढे प्रसंग सलग वाचा. घरात, कचेरीत, संस्थेत आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी बहुमताविरुद्ध मत मांडावं लागतं, आणि कधी आपल्या हाती सत्ता असताना दुसऱ्याला चुकण्याची मोकळीक द्यावी लागते. या दोन्ही वेळी कसं वागावं, याचा इतका सच्चा वस्तुपाठ कल्पित पुराणांत मला दुसरीकडे मिळालेला नाही.