दर्शन आणि दायित्व

अज्ञानाने मनुष्य दोषमुक्त होतो काय, हा नीतिशास्त्रातील एक जुनाच प्रश्न आहे. अंधारात विहीर न दिसल्यामुळे ज्याने सोबत्यास सावध केले नाही, त्यास आपण क्षमा करतो. दिसत असूनही जो गप्प राहिला, त्यास दोष देतो. परंतु ज्याच्या हाती कंदील होता आणि ज्याने तो उचललाच नाही, त्यास काय म्हणावे? कृत्रिम उपग्रहांच्या युगात हा तिसरा मनुष्यच विशेष विचारार्ह झाला आहे, असे आम्हांस वाटते.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेच्या सुमारास माणसे मृत्यू पावली. गाव जागेवर नाही, हे प्रथम एका एस. टी. चालकाच्या ध्यानी आले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई व चूरलमला या वस्त्यांवर तसाच प्रसंग ओढवून शेकडो माणसे गेली. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने ढगांतूनही भूमी पाहणाऱ्या रडारच्या साहाय्याने त्या दरडीचे मोजमाप केले: सुमारे ८६,००० चौरस मीटर भूमी सुटली होती आणि चिखलदगडांचा लोंढा ८ किलोमीटरपर्यंत गेला होता. तथापि याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. २२ मे २०२३ रोजीच्या उपग्रहचित्रात त्याच जागी जुन्या दरडीची खूण दिसत होती. डोळ्याने पाहिले होते. पाहिल्याचे ओझे मात्र कोणाच्या खांद्यावर आले नव्हते.

वनांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व आपणांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या भेदावरून झाडी ओळखता येते. भारतीय वन सर्वेक्षणाचे वनस्थितीचे अहवाल १९८७ पासून निघत आहेत. त्यांत निदान एक हेक्टर जमिनीवर झाडांचे छत्र १० टक्के असले, की ते वनाच्छादन ठरते. जमीन कोणाची व झाडे कोणती, हा विचार तेथे नाही. त्यामुळे देवराई आणि लागवडीचा मळा एकाच बेरजेत येतात. हिशेब खोटा नव्हे. परंतु उतारावरील माती धरून ठेवणारे जुने रान गेले व त्या जागी मळा आला, तर ती हानी या बेरजेत दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद त्याच केंद्राच्या नकाशासंग्रहात आहे. प्रत्येक व्रणापाशी माणसे हलवावी तरी किती? आक्षेप रास्त आहे. दरड नेमकी केव्हा सुटेल, हे चित्र सांगत नाही. परंतु दिवस सांगता येत नाही म्हणून ठिकाणही सांगू नये, हा कोठला न्याय? शिवाय डोंगरउतारावर राहणारा मनुष्य बहुधा हौसेने तेथे राहत नाही. अन्यत्र जमीन नाही म्हणून राहतो. त्यास केवळ सूचना देऊन मोकळे होणे म्हणजे आपले दायित्व त्याच्या दारात टाकून परत येणे होय.

म्हणून आमचे मत असे, की चित्र पाहणाऱ्याचे कर्तव्य दोन पायऱ्यांचे आहे: त्या उतारावरील माणसास त्याच्या भाषेत ते समजावून सांगणे, आणि तो 'मग आम्ही जावे कोठे?' असे विचारील, तेव्हा दाखविण्यास जागा तयार ठेवणे. पहिली पायरी शास्त्रज्ञ चढू शकेल. दुसरी सर्व समाजाने मिळूनच चढावयाची आहे.