जवळ जाऊन पाहणें
(लूक १०:३०-३७)

यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्यास याजकानें पाहिलें, लेव्यानेंही पाहिलें. शोमरोनी मात्र जवळ गेला.

बोरगांव मेघे येथील आम्हां लोकांस हा भेद पावसाळ्यांत ध्यानीं धरणें अवश्य आहे. सन २०१८ च्या पावसाळ्यांत नागपुरास व आसपास स्क्रब टायफस नांवाच्या तापानें कित्येक दगावले. हा रोग नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिकांस त्यानें गांठलें होतें. पुढें तो विस्मृतींत गेला, आणि विसरलेल्यास ओळखणार कोण? उंदरांवर व गवताझुडपांत राहणारा चिगर नांवाचा अति बारीक किडा चावतो. आठदहा दिवसांनीं ताप व डोकेदुखी सुरू होते. वैद्यास मलेरिया वा डेंग्यू भासतो. परंतु पुष्कळांच्या अंगावर विडीच्या चटक्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाहीं, खाजत नाहीं, आणि असते काखेंत, जांघेंत, स्तनाखालीं. रोगी लाजेनें दाखवीत नाहीं. नुसती नाडी पाहून निघून जाणारा वैद्य कितीही विद्वान असो, येथें तो याजकच ठरतो. (आम्ही पाळकही दारांतूनच प्रार्थना करून परततों, हें कबूल केलें पाहिजे.) डॉक्सिसायक्लिन हें स्वस्त औषध वेळेवर मिळाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो; विलंब झाल्यास फुप्फुसें, मूत्रपिंडें व मेंदू ह्यांवर घाला येतो.

उपदेशक बंधूंनो, तापकऱ्याच्या घरीं जातां आशाताईंस सोबत न्या. स्त्रियांस त्यांनीं आडोशास नेऊन पाहावें. खपली दिसो वा न दिसो, रोग्यास दवाखान्यांत पोंचवा, आणि तो गवत कापावयास गेला होता हें डॉक्टरांस आपण होऊन सांगा.