कातीव ताटली आणि भेग

शोभेची लाकडी ताटली कातणाऱ्याने लाकडातील खोट रंगाने झाकावी काय? प्रश्न दिसतो लहान; परंतु ज्या बंधुजनांची उपजीविका हातांच्या कामावर आहे, त्यांच्या सचोटीची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

प्रथम सावंतवाडीचे उदाहरण घेऊ. तेथील चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर लाखेचे रंग चढवितात. लाकूड झाकले जाते, म्हणून ते फसवितात काय? मुळीच नाही. पांगाऱ्यास दाखविण्याजोग्या रेषा फारशा नसतात, आणि गिऱ्हाईक रंगकामच विकत घेत असते. एक भरवसा देऊन हातावर दुसरेच ठेवणे, ह्यास आम्ही फसवणूक म्हणतो.

सागाची गोष्ट निराळी. त्याच्या खोडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट उमटतात. पाऊस बरा झाला तर वलय रुंद, अवर्षण पडले तर बहुधा अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ह्याच वलयांवरून गेलेल्या काळाच्या पर्जन्याचा मागोवा घेतला आहे. १९७२ सालच्या दुष्काळात मराठवाड्याने काय सोसले हे वडील मंडळी सांगतात. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला.) त्या साली उभ्या असलेल्या सागाच्या अंगीही ते वर्ष राहिले असेल. कातारी फळीचा गोल तुकडा लेथवर फिरवून पटाशी लावितो, तेव्हा ही वलये तिरकी कापली जाऊन ताटलीच्या खोलगट भागात लाटांप्रमाणे पसरतात. जेथे फांदी फुटली होती तेथे गाठ असते. रेषा तिला वळसा घालते, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तेथेच खिळते. अशी गाठ रंगाने झाकणारा कारागीर आपलेच नुकसान करितो.

भेग मात्र वेगळी. ओले लाकूड घाईने कातले, तर ताटली वाळताना वाकते, तडकते. काही जण भुसा व सरस कालवून ती भेग बुजवितात, वर रंग देतात आणि अखंड म्हणून पूर्ण किंमत घेतात. "सगळेच तसे करितात," हे उत्तर आम्ही ऐकले आहे. आमच्या मते बुजविण्यात दोष नाही. बुजविले आहे असे सांगावे व चार पैसे कमी घ्यावे. पण ज्याच्या घरी आठवड्याची ज्वारी त्याच चार पैशांवर यावयाची आहे, त्यास हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. यास्तव मंडळीतील ज्यांना ऐपत आहे त्यांनी अशी ताटली, भेग पाहून, रास्त मोलाने स्वतः घ्यावी. ती भिंतीवरच टांगली पाहिजे असे नाही. तेल पाजले म्हणजे भाकरी ठेवावयास चांगली.