‘सद्यस्थितीत धोका नाही’ हे कुणी लिहिलं?

बसू नका. उभ्यानंच ऐका.

चार पानांचा अहवाल, रंगीत मुखपृष्ठ आणि शेवटी ठणठणीत वाक्य : ‘सद्यस्थितीत कोणताही धोका नाही.’ कुणाच्या जिवावर लिहिलंत हे? वाडीवरची माणसं हा कागद ऐकून अंथरुणं उचलतील आणि लेकरांसकट त्याच घरांत निजायला जातील, याची काही शुद्ध?

माती कुठून उचललीत ते मला पिशवी बघूनच कळलं. डांबरी रस्त्याच्या कडेची, गाडीतून उतरल्यावर दहा पावलांवरची. वरची वीतभर, वाळलेली, तीही उघड्या कॅरीबॅगेत. आणि पुढच्या रकान्यात ओलाव्याची टक्केवारी! अरे, ओल वाटेतच उडाली. पिशवी जागेवर घट्ट बांधायची, वजन करायचं, 105 ते 110 अंशांच्या ओव्हनमध्ये दिवसभर ठेवून पुन्हा वजन करायचं. हेच घोकून पास झालात ना?

आणि डोंगर काही वरच्या वीतभरावर घसरत नाही. तो घसरतो खाली, सुटा मुरूम आणि पक्का खडक यांच्या सांध्यावर. आपल्या बालाघाटात बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबडी मातकट पट्टी सापडते. वरून मुरलेलं पाणी तिथं अडतं, मातीच्या कणाकणांत दाब धरतं आणि वरचा भार तोलणारी पकड सुटते. तो सांधा लागेपर्यंत खणायचं. तुमच्या फोटोतला खड्डा गुडघाभरही नाही. कुदळ मात्र चकचकीत आहे.

आता फोटो क्रमांक सहा. खाली लिहिलंय, ‘उन्हामुळे पडलेली भेग’. अतिवृष्टीनंतर आठवड्याभरात उन्हाची भेग? काळी जमीन उन्हाळ्यात फाटते तेव्हा जाळीसारखी फाटते, आणि दोन पावसांत मिटते. ही भेग लांब आहे, घरांच्या वरच्या अंगाला कमानीसारखी वळलेली आहे, तिची खालची कड चार बोटं खाली बसली आहे. मधे गवताची मुळं ताणलेली दिसतात, अजून तुटलेली नाहीत. म्हणजे भेग ताजी आहे. वाडीच्या डोक्यावर डोंगर सुटायला लागलाय आणि तुम्ही त्यापुढे उभं राहून फोटो काढलात! वर कुणी हसतोयही.

‘बीड हा दुष्काळी जिल्हा, दरडप्रवण नव्हे,’ हे कुठून उतरवलंत? सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारवाडीत जमिनीला तडे गेले, माणसांना घरं सोडावी लागली. ते काय पुणे जिल्ह्यात झालं? इर्शाळवाडीचं नावही धोकादायक गावांच्या यादीत नव्हतं. 19 जुलै 2023 च्या रात्री ती वाडी गाडताना डोंगरानं यादी बघितली नाही.

‘पुनर्वसन हाच उपाय’ म्हणून हात झटकलेत, तेही वाचलं. माळीणमध्ये 30 जुलै 2014 ला दीडशेहून अधिक माणसं दरडीखाली गेली. नवं माळीण आमडे इथं वसवलं, एप्रिल 2017 मध्ये घरं दिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथला भराव खचला, रस्ते फाटले. तेव्हा नव्या जागेतही खड्डा खणावाच लागतो, पोरांनो. उतार तासून, निघालेली माती पुढे लोटून केलेला सपाट ओटा म्हणजे जमीन नव्हे.

शेवटचं पान मी काढून घेतलंय. उद्या पहिल्या यष्टीनं परत जायचं. त्या कमानी भेगेजवळ कुणी खणायचं नाही. दोन्ही कडांना खुंट्या ठोकायच्या, अंतर मोजून तारीख टाकायची. भिंतींच्या तड्यांवर प्लॅस्टरमध्ये काचपट्ट्या बसवायच्या. काच फुटली तर भिंत हललीय, याला पदवी लागत नाही. न्हाणीचं आणि नळाचं पाणी कुठं मुरतं ते उतारावर चालत बघा. पावसानंतर नवा झरा कुठं फुटला, आडाचं पाणी कधी गढूळ झालं, हे लिहून घ्या. आणि मोबाइल खिशात ठेवून घराघरांतल्या बायकांना विचारा : दार चौकटीत अडकायला कधीपासून लागलं?

रस्त्याकडेची ती पिशवी घेऊन जा आधी. टेबल माखलंय माझं.